बर्न्सच्या पेशंटला रिव्हर्सल देताना काय काय बघायचं

बर्न्सची लिस्ट लागली की ज्युनियर मंडळी स्कोलिनबद्दल (सक्सिनिलकोलीन, झटपट स्नायू ढिले करणारं औषध) हमखास बोलतात, पोटॅशियम वाढतं, हार्ट बंद पडू शकतं, ते सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण केस संपत आल्यावर, पेशंटला भुलेतून बाहेर काढायच्या वेळी काय करायचं यावर फारसं कोणी बोलत नाही. त्यात एक समज पक्का बसलाय की भाजलेल्या पेशंटला रिलॅक्संट (स्नायू ढिले करणारं औषध) तसाही कमी चढतो नि लवकर उतरतो, मग रिव्हर्सल, म्हणजे तो उतरवणारं औषध, दिलं काय आणि नाही दिलं काय. यातला पहिला भाग खरा आहे, आणि नेमका त्याच्यामुळेच दुसऱ्या भागात माणसं फसतात.

हे मी भूलशास्त्राच्या रेसिडेंट लोकांसाठी आणि छोट्या सेंटरला एकट्याने बर्न्सच्या केसेस करणाऱ्यांसाठी लिहितोय. डोस लिहिलेत ते नेहमीचे, मान्य असलेले आहेत, तरी समोरच्या पेशंटचं वय, किडनी, हार्ट बघून आणि आपल्या सिनियरला विचारूनच द्यायचे, हे वेगळं सांगायला नको. आणि माझं म्हणणं एकच आहे, बर्न्समध्ये रिव्हर्सलचा निर्णय केसच्या शेवटी घ्यायचा नसतो, तो इंडक्शनच्या, म्हणजे भूल सुरू करायच्या, आधीच घेतलेला असावा लागतो. कसं ते पुढे येईलच.

आधी थोडं कारण समजून घ्या

साध्या माणसात ऍसिटिलकोलीनचे रिसेप्टर स्नायूवर जिथे नर्व्ह येऊन भिडते तिथेच दाटीने असतात. शरीराचा साधारण २० ते २५ टक्क्यांहून जास्त भाग भाजला की हे रिसेप्टर त्या जागेच्या बाहेर, स्नायूच्या अख्ख्या पृष्ठभागावर पसरायला लागतात, आणि त्यात गर्भावस्थेतल्या प्रकारचे रिसेप्टरही असतात. पेशंट आयसीयूत महिनाभर पडून असेल तर न हलण्यामुळे त्यात अजून भर पडते. रिसेप्टर वाढले म्हणजे रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, ऍट्राक्युरियम या रिलॅक्संटना अडवायला जागाही जास्त, म्हणून नेहमीचा डोस पुरत नाही, चढायला वेळ लागतो आणि लवकर उतरतो. शिवाय रक्तातलं अल्फा वन ऍसिड ग्लायकोप्रोटीन वाढलेलं असतं, ते औषध धरून ठेवतं. मोठ्या बर्न्समध्ये दुप्पट-तिप्पट डोस लागणं यात नवल नाही.

हे पहिल्या दिवशी होत नाही. पहिल्या २४ तासांत पेशंट जवळपास साध्या पेशंटसारखाच वागतो, साधारण आठवड्याने रेझिस्टन्स, म्हणजे रिलॅक्संटला दाद न देणं, जाणवायला लागतो, मग काही आठवडे वाढत जातो. किती दिवस टिकतो याचा नेम नाही. बोस्टनच्या मार्टिन यांच्या ग्रुपने १९८२ मध्ये मेटोक्युरिन या औषधाचा एक पेशंट छापला होता, त्यात जखमा पूर्ण भरल्यावरही, भाजल्यानंतर ४६३ दिवसांनी रेझिस्टन्स शिल्लक होता. म्हणजे सव्वा वर्षाने कॉन्ट्रॅक्चर (भाजल्यावर आकसलेली, ओढली गेलेली कातडी) सोडवायला आलेला पेशंट दिसायला ठणठणीत असला तरी त्याच्या स्नायूंवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. उलट बाजूही आहे, १० टक्के भाजलेला पेशंट तुमच्यासमोर आला आणि तुम्ही 'बर्न्स आहे' म्हणून दुप्पट डोस मारला तर तो साध्या माणसाला दुप्पट डोस दिल्यासारखाच आहे, तो तासन्‌तास उतरणार नाही.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. रेझिस्टन्स आहे म्हणून तुम्ही औषध जास्त दिलंय. मॉनिटरवर ट्विच (नर्व्हला बारीक करंट दिल्यावर स्नायूला येणारा झटका) परत दिसायला लागली तेव्हा साध्या पेशंटच्या रक्तात जेवढं औषध उरलेलं असतं त्यापेक्षा या पेशंटच्या रक्तात ते जास्त आहे. म्हणजे ट्विच दिसतेय याचा अर्थ औषध संपलं असा नाही, रिसेप्टर जास्त असल्यामुळे ती दिसतेय. इथे पेशंट गार पडला, कार्बन डायऑक्साइड वाढला किंवा वॉर्डात कोलिस्टिन या अँटिबायोटिकचा डोस चढला की गणित पुन्हा उलटू शकतं.

रिलॅक्संट लागतोच का

हा प्रश्न पहिला विचारा. दर दोन दिवसांनी होणारं ड्रेसिंग, छोटं डिब्राइडमेंट (मेलेली कातडी काढणं), मांडीवरून थोडी स्किन घेऊन हातावर ग्राफ्ट, यातलं बरंच काही केटामाइन, फेंटानिल आणि लॅरिंजियल मास्कवर होतं, सर्जनला पोट सैल हवं असतं अशातला भाग नाही. जो रिलॅक्संट दिलाच नाही तो उतरवायचाही नाही. पेशंट पालथा करायचा असेल, मोठं एक्सिजन असेल, छाती-पोटावरची घट्ट एस्कार (मेलेल्या कातडीचा कडक थर) असेल, श्वासनलिकेला धूर लागलेला असेल तर ट्यूब आणि रिलॅक्संट दोन्ही आले, तिथे कंजूषी नको.

लागणार असेल तर कोणता, हे ठरवताना रिव्हर्सलकडूनच मागे यायचं. सुगामाडेक्स हे रिव्हर्सलचं औषध कपाटात आहे का, आणि पेशंटला परवडणार आहे का? ते फक्त रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमवर चालतं, ऍट्राक्युरियम नि सिसऍट्राक्युरियमवर त्याचा काडीचा उपयोग नाही. सुगामाडेक्स आहे, किडनी बरी आहे, तर रोक्युरोनियम घ्या, तेही १.२ मिलिग्रॅम प्रति किलो, बर्न्समध्ये कधी १.५ पर्यंत, आणि तरीही नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबून मगच लॅरिंगोस्कोप घाला. किडनी गेलेली असेल, क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० च्या खाली असेल, तर ऍट्राक्युरियम किंवा सिसऍट्राक्युरियम बरं, ते शरीरात आपोआप तुटतं, किडनी-लिव्हरची वाट बघत नाही, आणि शेवटी निओस्टिग्मिन, हे दुसरं रिव्हर्सल. व्हेक्युरोनियम आणि निओस्टिग्मिन ही जोडी बऱ्याच ठिकाणी अजून सर्रास वापरली जाते, चालते, पण बर्न्समध्ये टॉपअपवर टॉपअप देत गेलं की व्हेक्युरोनियमची शेपटी लांबते, विशेषतः किडनी कमकुवत असेल तर, हे ध्यानात ठेवा.

मॉनिटर लावायचा कुठे

इथे बर्न्सचा खरा त्रास सुरू होतो, आणि इथेच मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. नर्व्ह स्टिम्युलेटर अंगठ्याच्या स्नायूवर, म्हणजे मनगटाच्या अल्नर नर्व्हवर लावायचा हा नियम. पण दोन्ही हात भाजलेले, बँडेजमध्ये गुंडाळलेले, बोटं सुजून आलेली, मग लावायचा कुठे? म्हणून ओटीत घ्यायच्या आदल्या दिवशी पेशंट बघताना एक काम करायचं, चार जागांपैकी कोणती त्वचा शाबूत आहे ते बघून ठेवायचं, दोन मनगटं आणि दोन पायांचे घोटे. एक मनगट जरी मोकळं असलं तरी सर्जनला आधीच सांगून ठेवा की ती बाजू माझी आहे, तिथे बीपीचा कफ नको, आणि हात ड्रेपखाली असा दाबून टाकू नका की अंगठा हलणारच नाही.

हात दोन्ही गेलेले असतील तर घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे पोस्टेरियर टिबियल नर्व्हवर इलेक्ट्रोड लावायचे आणि पायाचा अंगठा खाली वळतो का ते बघायचं. अंगठ्यावर सेन्सर बसतो, आकडाही मिळतो. हे हाताच्या बऱ्यापैकी जवळ जातं. चेहऱ्यावर, भुवईच्या वर किंवा कानापुढे लावायचा मोह सगळ्यांनाच होतो कारण डोकं आपल्याच हाताशी असतं, पण तिथे दोन घोळ आहेत. एक तर इलेक्ट्रोडचा करंट नर्व्हऐवजी थेट स्नायूलाच लागतो आणि ट्विच खोटी दिसते, आणि दुसरं म्हणजे भुवईचा स्नायू आधी मोकळा होतो, घशाचे आणि हाताचे नंतर. अमेरिकन सोसायटी ऑफ ऍनेस्थेसियॉलॉजिस्ट्सच्या २०२३ च्या गाइडलाइनमध्ये तर डोळ्याभोवतीच्या स्नायूंवर भरवसा ठेवू नका असंच म्हटलंय. दुसरी जागाच नसेल तर इंडक्शनला चेहरा वापरा, केसच्या मधे वापरा, पण ट्यूब काढायचा निर्णय त्याच्यावर नको.

एस्कारवर, ओल्या ग्राफ्टवर, सिल्व्हर सल्फाडायझिनच्या थरावर इलेक्ट्रोड लावून काही होत नाही. त्वचा स्पिरिटने पुसून, कोरडी करून लावा. सूज असेल तर करंट आतपर्यंत पोचत नाही, थोडा दाब देऊन सूज बाजूला सारा आणि करंट वाढवत न्या, बऱ्याच मशीनवर ६० मिलिअँपिअरपर्यंत जाता येतं. आणि हे सगळं पेशंट झोपल्यावर पण रिलॅक्संट द्यायच्या आधी करायचं, म्हणजे बेसलाइन मिळते. ऍक्सिलरोमायोग्राफी प्रकारच्या (अंगठा किती झटक्याने हलतो ते मोजणाऱ्या) मशीनवर बेसलाइन रेशो (चार ट्विचपैकी चौथीचं पहिलीशी प्रमाण) बऱ्याचदा १ च्या वर येतो, १.१ वगैरे, मग शेवटी ०.९ दिसलं तरी ते खरं ०.९ नसतं, अशा मशीनवर १ येईपर्यंत थांबलेलं बरं.

आकडा दाखवणारं मशीन नसेल, नुसता स्टिम्युलेटरच असेल (आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तेवढंच असतं, कधी तेही नसतं) तर एक गोष्ट कायम लक्षात असू द्या. चार ट्विच हाताला सारख्या लागल्या म्हणजे पेशंट मोकळा असं नाही. रेशो ०.४ च्या वर गेला की माणसाच्या बोटांना किंवा डोळ्यांना फरक कळतच नाही, कितीही अनुभव असो. ०.४ ते ०.९ हा पट्टा आपल्यासाठी आंधळा आहे आणि पेशंटला त्रास नेमका याच पट्ट्यात होतो, घसा ढिला, गिळता येत नाही, लाळ श्वासनलिकेत.

शेवटचा डोस आणि वेळेचं गणित

बर्न्सची केस संपली असं सर्जन म्हणतो तेव्हा ती संपलेली नसते. ग्राफ्टला स्टेपल लागले, मग जेली नेट, मग गॉज, मग पॅड, मग बँडेज, मग सांध्यावर प्लास्टरची स्लॅब, मग पेशंट वळवून दुसरी बाजू, यात सहज अर्धा-पाऊण तास जातो. त्यामुळे ग्राफ्ट पसरायला घेतला की टॉपअप बंद. सर्जन म्हणाला की पेशंट हलतोय, तर भूल खोल करा, प्रोपोफॉल द्या, फेंटानिल द्या, रिलॅक्संट नको. एवढं एक पाळलं की शेवटी अर्धं काम आपोआप झालेलं असतं.

आणि स्लॅब सुकायच्या आधी रिव्हर्सल देऊन पेशंट जागा करू नका. नुकताच ठेवलेला ग्राफ्ट खोकल्याच्या एका झटक्याने सरकतो, मग सर्जनचं तीन तासांचं काम वाया आणि पेशंटची आधीच कमी उरलेली डोनर साइट (जिथून स्किन घेतात ती जागा) अजून एकदा सोलायची वेळ.

सिरिंज उचलायच्या आधी

तापमान बघा. भाजलेल्या माणसाचं कातडंच नसतं, तो ओटीत बघता बघता गार पडतो, म्हणून बर्न्सच्या ओटीत एसी बंद करून सगळे घामाघूम होऊन काम करतात, ते बरोबरच आहे. कोअर तापमान ३५ च्या खाली असेल तर रिलॅक्संट रेंगाळतो आणि रिव्हर्सलही नीट लागत नाही, आधी वॉर्मर, गरम सलाइन, डोकं झाकणं, ३६ च्या आसपास येऊ द्या. हात गार असेल तर मॉनिटरची ट्विचही खोटी कमी दिसते हेही आहे.

मग कार्बन डायऑक्साइड. कॅप्नोग्राफवर ५५ असताना निओस्टिग्मिन दिलं की ते अर्धवटच काम करतं. भाजलेल्या पेशंटचं मेटाबोलिझम चढलेलं असतं, तो साध्या माणसापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड तयार करतो, त्यामुळे व्हेंटिलेशन थोडं जास्तच ठेवावं लागतं. पोटॅशियम कमी, कॅल्शियम कमी असेल तर ते आधी दुरुस्त करा, बराच रक्तस्राव होऊन चार-सहा पिशव्या चढल्या असतील तर कॅल्शियम हमखास खाली असतं.

आणि औषधांचा कागद उघडा, हे खरंच कोणी करत नाही. बर्न्सचा पेशंट दहा-बारा दिवस झालेला असेल तर त्याला ऍमिकासिन चालू असतं किंवा कोलिस्टिन चालू असतं. दोन्ही रिलॅक्संटचा परिणाम वाढवतात. कोलिस्टिनच्या जातीच्या औषधांमुळे आलेली ढिलाई निओस्टिग्मिनने धड उतरत नाही, आणि सुगामाडेक्सने तर उतरायचा प्रश्नच नाही, ते फक्त रोक्युरोनियम-व्हेक्युरोनियमला पकडतं. तुम्ही वेदनेसाठी मॅग्नेशियम दिलं असेल तर त्याचंही तेच. सर्जनने ट्युमेसंटमध्ये (कातडीखाली भरायच्या द्रवात) भरपूर लिग्नोकेन टाकलं असेल तर तेही थोडी भर घालतं. कागदावर प्रोप्रॅनोलॉल दिसलं तर अधोरेखित करा, मोठ्या बर्न्समध्ये मेटाबोलिझम आवरायला ते देतात, आणि अशा पेशंटचं हार्ट रेट निओस्टिग्मिन किंवा सुगामाडेक्सने धाडकन खाली येऊ शकतं, ऍट्रोपिन भरून हाताशी ठेवा.

निओस्टिग्मिन देताना

समजा ५० किलोची बाई आहे, ४० टक्के भाजलेली, पंधरावा दिवस, ऍट्राक्युरियमवर केस झालीय. चारही ट्विच आल्याशिवाय निओस्टिग्मिनला हात लावायचा नाही. एक-दोन ट्विचवर ते देणं म्हणजे अर्धवट उतरवून ठेवणं, कारण निओस्टिग्मिन औषधाला बाहेर काढत नाही, ते फक्त ऍसिटिलकोलीन वाढवतं, आणि एका मर्यादेपलीकडे तेही वाढत नाही. डोस ५० मायक्रोग्रॅम प्रति किलो म्हणजे या बाईला २.५ मिलिग्रॅम, सोबत ग्लायकोपायरोलेट १० मायक्रोग्रॅम प्रति किलो म्हणजे ०.५ मिलिग्रॅम. आपल्याकडे मिळणाऱ्या निओ-ग्लायकोच्या ५ मिलीच्या तयार ऍम्प्यूलमध्ये नेमकं एवढंच असतं, म्हणून ५० किलोला एक ऍम्प्यूल हे लक्षात राहायला सोपं. पण सवयीने ७० किलोच्या पेशंटलाही एकच ऍम्प्यूल देऊन मोकळे होतात, ते चुकीचं. वरची मर्यादा ७० मायक्रोग्रॅम प्रति किलो किंवा एकूण ५ मिलिग्रॅम, त्याच्यावर देऊन फायदा नाही, उलट स्नायू अजून ढिले पडू शकतात.

वजनाचं सांगायचं राहिलं. पहिल्या काही दिवसांत सलाइनने पेशंट सुजलेला असतो, ६० चा ७२ झालेला असतो, तेव्हा भाजण्याआधीचं वजन नातेवाइकांना विचारा. दीड महिन्याने तोच पेशंट वाळून ४८ वर आलेला असतो, तेव्हा जुनं वजन केसपेपरवरून उतरवू नका, आजचं घ्या.

बर्न्समध्ये एक गोष्ट वरचेवर घडते, पेशंट लवकर उतरतो आणि तुम्ही बघता तेव्हा रेशो आधीच ०.६, ०.७ असतो. आकडा दाखवणारं मशीन असेल तर अशा वेळी पूर्ण डोसची गरज नाही, २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रति किलो पुरतं. रेशो आधीच ०.९ च्या वर असेल तर द्यायचंच नाही. आकडा दिसतच नसेल तर मात्र 'लवकर उतरतो' या भरवशावर न देता सोडणं मला पटत नाही, अशा वेळी चार सारख्या ट्विच असल्या तरी मी देतो.

दिल्यावर घड्याळ बघा, कमीत कमी १० मिनिटं. हे फार महत्त्वाचं आहे कारण ओटीत निओ-ग्लायको दिलं की दोन मिनिटांत पेशंट खोकतो आणि सगळे म्हणतात चला काढा ट्यूब. खोकला डायफ्रामचा आहे, डायफ्राम सगळ्यात आधी जागा होतो, घसा नंतर. धूर लागलेला पेशंट असेल तर अजून एक, निओस्टिग्मिनने लाळ आणि कफ वाढतो आणि श्वासनळ्या आवळतात, त्या आतून आधीच सुजलेल्या, म्हणून ग्लायको कमी पडू देऊ नका आणि सक्शन नीट करा. ऍट्रोपिनपेक्षा ग्लायको बरं, कारण बर्न्सवाल्याचा पल्स मुळातच १२०-१३० असतो, त्यावर ऍट्रोपिनने १६० करून काय मिळवायचंय.

सुगामाडेक्स असेल तर

सुगामाडेक्सचं काम सरळ आहे, ते रोक्युरोनियमचा रेणू पकडून आत कोंडतं, रिसेप्टर किती वाढले, कुठल्या जातीचे आहेत याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. म्हणून बर्न्समध्ये ते मला निओस्टिग्मिनपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. डोस ट्विचवरून ठरवायचा. दोन किंवा जास्त ट्विच दिसत असतील तर २ मिलिग्रॅम प्रति किलो, ट्विच एकही नाही पण पोस्ट टेटॅनिक काउंट (जोराचा सलग करंट दिल्यानंतर मोजलेल्या ट्विच) १-२ आहे तर ४ मिलिग्रॅम प्रति किलो. ५० किलोला १०० आणि २०० मिलिग्रॅम. व्हायल २ मिलीची, त्यात २०० मिलिग्रॅम, म्हणजे एक मिली किंवा पूर्ण व्हायल. रोक्युरोनियम देऊन ट्यूबही जात नाही आणि मास्कही होत नाही अशा वेळी १६ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे या बाईला ८०० मिलिग्रॅम, चार व्हायल. मानेचं कॉन्ट्रॅक्चर असलेल्या पेशंटमध्ये 'सुगामाडेक्स आहे ना' म्हणून रोक्युरोनियम देणाऱ्यांनी चार व्हायल ओटीत खरंच आहेत का ते आधी मोजावं, आणि हेही की रिलॅक्संट उतरला तरी वाकलेली मान सरळ होत नाही. तिथे जागेपणी फायबरऑप्टिक किंवा केटामाइन आणि लोकलखाली आधी कॉन्ट्रॅक्चर सोडवून मग ट्यूब, हाच रस्ता.

पैसे वाचवायला अर्धी व्हायल द्यायचा प्रकार चालतो, तो बर्न्समध्ये करू नका. एक मिलिग्रॅम रोक्युरोनियम पकडायला साधारण साडेतीन मिलिग्रॅमच्या वर सुगामाडेक्स लागतं, आणि वर म्हटलं तसं इथे ट्विच दिसत असतानाही रक्तात औषध जास्त असतं. कमी डोसवर रेशो आधी ०.९ दाखवतो आणि वीस-तीस मिनिटांनी परत खाली येऊ शकतो, तोपर्यंत पेशंट वॉर्डात. म्हणून दिल्यावरही मॉनिटर काढायची घाई नको.

ऍलर्जी क्वचित होते, झाली तर बहुतेक पहिल्या पाच मिनिटांत. साध्या पेशंटच्या अंगावर पित्त उठलेलं दिसतं, इथे अंगावर दिसायला मोकळी जागाच नाही, सगळं बँडेज. त्यामुळे बीपी, एअरवे प्रेशर आणि कॅप्नोग्राफ या तिघांकडेच बघायचं.

ट्यूब काढायची का

आता सगळ्यात गैरसोयीचा भाग. आपण शिकलेल्या सगळ्या बेडसाइड टेस्ट बर्न्समध्ये कोलमडतात. 'ताई, डोकं उचला' म्हणायचं तर मानेवर ग्राफ्ट ठेवलाय, उचलू द्यायचंच नाही. 'माझा हात दाबा' तर हात स्प्लिंटमध्ये. 'डोळे उघडा' तर पापण्या सुजून बंद किंवा टाके घालून शिवलेल्या. आणि तसंही पाच सेकंद डोकं उचलणं ०.५-०.६ रेशोवरही जमतं, त्यामुळे त्याचं फार कौतुक नको. जीभ बाहेर काढायला सांगा, दातात टंग डिप्रेसर धरून ओढून बघा, पाय मोकळे असतील तर पाय उचलायला सांगा, पण आकडा मिळत असेल तर आकडा आधी. ०.९ च्या खाली ट्यूब काढायची नाही.

ट्यूब काढल्यावर श्वास कमी वाटला तर कारण वेगळं करायला शिका, कारण बर्न्समध्ये ओपिऑइडही भरपूर दिलेलं असतं. श्वास सावकाश, खोल, बाहुल्या बारीक, पेशंट शांत, तर ओपिऑइड. श्वास भराभर, उथळ, हातपाय झटके दिल्यासारखे, गळ्याखाली खड्डा पडतोय, डोळ्यांत भीती, तर रिलॅक्संट शिल्लक आहे. दुसऱ्या प्रकारच्या पेशंटला 'वेदनेने तडफडतोय' म्हणून अजून मॉर्फिन देऊ नका.

लॅरिंगोस्पॅझम (स्वरयंत्र आवळून श्वास अडणं) झाला तर हात आपोआप स्कोलिनकडे जातो. भाजून २४ ते ४८ तास उलटले असतील तर स्कोलिन नाही म्हणजे नाही, जखमा भरून वर्ष-दोन वर्षं होईपर्यंत नाही. मास्क घट्ट धरून शंभर टक्के ऑक्सिजनने प्रेशर, कानामागच्या खाचेत दाब, प्रोपोफॉल. तरीही सुटत नसेल तर रिलॅक्संट लागेल, आणि तुम्ही नुकतंच सुगामाडेक्स दिलं असेल तर नेहमीच्या डोसचं रोक्युरोनियम धड चढणार नाही, १.२ मिलिग्रॅम प्रति किलो दिलं तरी उशीर लागतो. ऍट्राक्युरियम किंवा सिसऍट्राक्युरियमची सिरिंज अशा वेळी उपयोगी पडते. म्हणून मी सुगामाडेक्स भरतानाच एक ऍट्राक्युरियमही बाजूला काढून ठेवतो.

कधी द्यायचंच नाही

चेहरा आणि श्वासनलिका भाजलेली, ट्यूबचा फुगा (कफ) ढिला केल्यावर हवा बाजूने गळत नाही, खूप रक्त गेलंय, तापमान ३४, लॅक्टेट चढलेलं, तर रिव्हर्सलच्या भानगडीत न पडता ट्यूबसकट आयसीयूत न्या. फक्त एक करा, वाटेत आणि आयसीयूत पोचल्यावर झोपेचं आणि वेदनेचं औषध चालू ठेवा, कारण रिलॅक्संट शिल्लक असताना प्रोपोफॉल संपला तर तो माणूस जागा असतो, भाजलेल्या जखमांसकट जागा असतो, आणि त्याला हलताही येत नाही. आयसीयूच्या डॉक्टरांना तोंडी सांगा की शेवटचा रिलॅक्संट किती वाजता दिला आणि ट्विच किती होत्या.

रिकव्हरीत आणि कागदावर

रिकव्हरीत अर्धा तास तरी नजरेखाली, ऑक्सिजन लावून, पाठ थोडी वर. सिस्टरांना सांगून ठेवा की ऍमिकासिन किंवा कोलिस्टिनचा राहिलेला डोस या अर्ध्या तासात घाईने सोडायचा नाही, फार्मसीतून आला की लगेच चढवायची सवय असते. गर्भनिरोधक गोळ्या घेणारी पेशंट असेल आणि सुगामाडेक्स दिलं असेल तर सात दिवस दुसरं साधन वापरायला सांगायचं असतं, बर्न्सच्या वॉर्डात हे अस्थानी वाटतं पण डिस्चार्जजवळच्या कॉन्ट्रॅक्चरच्या पेशंटला नक्की सांगा.

आणि कागद नीट लिहा, कारण हा पेशंट दोन-तीन दिवसांनी परत टेबलावर येणार आहे, कदाचित तेव्हा ड्युटीवर दुसरं कोणी असेल. रिलॅक्संट कोणता, एकूण किती लागला, चढायला किती वेळ लागला, मॉनिटर कुठे लावला होता, रिव्हर्सल कोणतं, किती वाजता, त्या वेळी ट्विच किती, ट्यूब काढताना रेशो किती. सुगामाडेक्स दिलं असेल तर ते मोठ्या अक्षरात, वेळेसकट, आणि किडनी कमकुवत असेल तर 'पुढचे २४ तास रोक्युरोनियम-व्हेक्युरोनियम नको, ऍट्राक्युरियम वापरा' असं स्पष्ट लिहा, रात्री ब्लीडिंगसाठी परत घ्यावं लागलं तर तोच कागद आधी बघितला जातो.